कुत्र्याच्या पिल्लाचं पोट बिघडलं: घरी काय करायचं, व्हेटकडे कधी धावायचं आणि खर्च कुठे वाचतो

पहिल्या पिल्लाच्या वेळी मी रात्री दोन वाजता त्याला चादरीत गुंडाळून इमर्जन्सी दवाखान्यात नेलं होतं. शी पातळ झाली होती, एवढंच. पिल्लू गाडीत माझा अंगठा चावत होतं आणि मी रडायच्या बेतात होते. डॉक्टरांनी पोट चाचपलं, ताप पाहिला आणि विचारलं, "दिवसभरात याला कुणी कुणी काय भरवलं?" घरातल्या चौघांनी आपापल्या परीने माया केली होती, हे तिथल्या बाकड्यावर बसून हिशोब केल्यावर कळलं. निदान अजीर्णाचं. बिल मात्र अवेळी गेल्यामुळे चांगलंच फुगलेलं.

दुसऱ्या पिल्लाच्या वेळी मी फार शहाणपणा केला. 'होईल बरं' म्हणत दोन दिवस थांबले. ते जेमतेम नऊ आठवड्यांचं होतं, पोटात जंत होते, आणि शेवटी सलाईन लावावं लागलं. बिल पुन्हा मोठंच.

दोन्ही वेळा चूक एकच होती. काय पाहायचं तेच मला माहीत नव्हतं. म्हणून हा लेख औषधांच्या यादीपासून सुरू होत नाही, पाहण्यापासून सुरू होतो.

पायरी १: शीकडे नंतर बघा, आधी पिल्लाकडे

घाण बघून जीव घाबरतो, पण खरी बातमी पिल्लाच्या वागण्यात असते. ते खेळतंय का? हाक मारल्यावर शेपूट हलतंय का? खाण्याची वाटी वाजली की धावत येतंय का? पातळ शी करूनही चपला पळवणारं पिल्लू आणि एकदाच उलटी करून कोपऱ्यात मान टाकून बसलेलं पिल्लू, यांत मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटते.

मग हिरड्या बघा. ओठ वर करा आणि बोट फिरवा. निरोगी हिरड्या गुलाबी आणि ओलसर असतात. बोट चिकटल्यासारखं वाटलं तर अंगातलं पाणी कमी झालंय. हिरडीवर बोटाने दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काही पिल्लांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्यात खालची पापणी ओढून आतला रंग बघा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची युक्ती बरेच जण सांगतात, पण लहान पिल्लांत ती फसवते. हिरड्यांवर जास्त विश्वास ठेवा.

घरात डिजिटल थर्मामीटर असेल तर टोकाला थोडं व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप मोजा. ते थर्मामीटर मग फक्त पिल्लासाठीच ठेवा. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस, हे नॉर्मल आहे. १०४च्या वर गेलं किंवा ९९च्या खाली उतरलं तर पुढचं वाचत बसू नका, निघा. खाली उतरलेलं तापमान लोक सोडून देतात. पिल्लाच्या बाबतीत ते तापाइतकंच वाईट लक्षण आहे.

पायरी २: यातलं एक जरी दिसलं, तरी वाट पाहायची नाही

- शीत बरंच रक्त, किंवा डांबरासारखी काळी, चिकट शी
- पुन्हा पुन्हा उलट्या, पाणीसुद्धा पोटात न ठरणं
- मलूल होणं, लटपटणं, थरथरणं, हिरड्या पांढुरक्या होणं
- पोट फुगून टणक होणं, हात लावला की कळवळणं
- उलटीचे नुसते उमाळे, बाहेर काहीच नाही
- विषारी काही खाल्ल्याचा संशय: चॉकलेट, मनुका किंवा द्राक्षं, कांदा-लसूण, माणसांच्या गोळ्या, उंदराचं औषध, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम
- दोरा, मोजा, खेळण्याचा तुकडा, हाड गिळल्याचा संशय

दोऱ्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. त्याचं दुसरं टोक आत कुठेतरी अडकलेलं असू शकतं, आणि ओढल्यावर आतडं कापलं जातं. विष खाल्ल्यावर मीठ-पाणी पाजून उलटी काढणंही तसंच घातक. उलटी काढायची की नाही, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. गोळीचं पाकीट किंवा च्युइंगगमचं वेष्टन सोबत न्या.

वयाचाही विचार करा. पिल्लू १२ आठवड्यांच्या आतलं असेल, किंवा लसी पूर्ण झालेल्या नसतील, तर जुलाब साधे वाटले तरी त्याच दिवशी व्हेटला फोन करा. इतक्या लहान जिवाकडे ना चरबीचा साठा असतो, ना पाण्याचा. अगदी छोट्या जातींच्या पिल्लांची रक्तातली साखर काही तास उपाशी राहिलं तरी उतरते. असं पिल्लू लटपटायला लागलं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा दाट पाक चोळा आणि तसंच उचलून निघा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका.

पायरी ३: वही, फोटो आणि डबी

याला दहा मिनिटं लागतात. पुढच्या बिलात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. एका कागदावर लिहा: शी किती वेळा, कशी, किती. उलटी कधी, तीत काय होतं. गेल्या दोन दिवसांत काय काय खाल्लं, चोरून खाल्लेलं धरून. शेवटचं जंताचं औषध कधी, कोणतं. लसी किती झाल्या. आजचं वजन. वजनासाठी पिल्लाला घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा.

शी कशी आहे, यावरून डॉक्टरांना दुखणं कुठे आहे याचा अंदाज येतो. मोजक्या वेळा पण खूप आणि पाण्यासारखी होत असेल तर बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. पुन्हा पुन्हा कुंथून थोडी थोडी, शेंबडासारखा चिकट द्रव, कधी लाल रक्ताचा एखादा थेंब, हे मोठ्या आतड्याचं काम. शेवयांसारखे पांढरे लांब किडे दिसले तर ते गोल जंत. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो टेपवर्म (चपटा जंत), आणि तो पिसवांमधून येतो, म्हणजे पिसवांचाही बंदोबस्त करावा लागणार. फोटो काढून ठेवा. फोनमध्ये असले फोटो साठले की लाजू नका, कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असतात.

ताज्या शीचा चमचाभर नमुना झाकणाच्या स्वच्छ डबीत घ्या. लगेच नेता येणार नसेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. नमुना नसला तर दुसरी फेरी मारावी लागते, आणि दुसरी फेरी म्हणजे बरेचदा दुसरी फी.

पायरी ४: घरी थांबायचं ठरलं, तर हे चोवीस तास असे

पिल्लू खेळतंय, पाणी पितंय, उलटी नाही, १२ आठवड्यांच्या पुढचं आहे, लसी पूर्ण झालेल्या आहेत, वरच्या यादीतलं काहीच नाही. मगच हा मार्ग.

मोठ्या कुत्र्याला एखादी वेळ उपाशी ठेवतात, तसं पिल्लाला ठेवू नका. खाणं थांबवायचं नाही, हलकं करायचं. कातडी आणि हाडं काढलेलं उकडलेलं चिकन एक भाग आणि मऊ शिजवलेला पांढरा भात दोन भाग. मीठ, तेल, मसाला काही नाही. चिकन-भात नको असेल तर व्हेटकडे पोटासाठीचं तयार खाद्य मिळतं. दिवसभराचं खाणं पाच-सहा छोट्या वाट्यांत विभागा. पोटाला एका वेळी थोडंच काम मिळालं की ते निभावून नेतं.

पाणी सतत समोर हवं. पिल्लू एकदम ढसाढसा पीत असेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन चमचे द्या. सिरिंजने जबरदस्तीने पाजू नका, ठसका लागून पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

चोवीस तासांत शी घट्ट व्हायच्या वाटेला लागली पाहिजे. तसं झालं नाही, किंवा मध्येच पिल्लाने खाणं सोडलं, तर घरचा प्रयोग संपला.

शी घट्ट झाल्यावर आणखी दोन दिवस हलकंच द्या आणि मग तीन-चार दिवसांत नेहमीचं खाणं थोडं थोडं मिसळत वाढवा. नवशिक्यांची घाई इथे नडते. पिल्लू बरं दिसलं की पूर्ण वाटी भरून मोकळे होतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दूध? नको. आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच पिल्लांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब वाढतात. 'बिचारं काही खात नाही, निदान दूध तरी' हा आपल्या मनाचा उपचार असतो, त्याच्या पोटाचा नाही.

पायरी ५: आपल्या औषधाच्या डब्याला हात लावू नका

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड माणसांच्या घरात हमखास असतं. कोली या जातीच्या आणि तिच्या नात्यातल्या जातींच्या कुत्र्यांमध्ये एका जनुकाच्या दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचून गंभीर त्रास देऊ शकतं. आणि संसर्गामुळे जुलाब होत असतील तर घाण आतच कोंडून ठेवणं मुळात चूक आहे.

अँटिबायोटिकबद्दल माझं मत कडक आहे. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. साध्या जुलाबांत त्यांचा विशेष उपयोग होत नाही, उलट आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि पोट सुधारायला वेळ लागतो. डॉक्टरांनी गोळ्या न देता नुसतं खाणं बदलायला सांगितलं तर 'फी घेतली आणि काहीच दिलं नाही' असं वाटून घेऊ नका. ते चांगले डॉक्टर असण्याची शक्यता जास्त आहे. कुत्र्यांसाठीचं प्रोबायोटिक मात्र विचारून द्यायला हरकत नाही.

पायरी ६: निघण्याआधी फोन

फोनवर पाच गोष्टी सांगा: वय, वजन, लसी, काय होतंय आणि कधीपासून. मग विचारा: लगेच आणू का, की सकाळी चालेल? तपासणीची फी किती? आत्ता आणलं तर जादा आकार आहे का? लस अपुरी असेल तर तेही आवर्जून सांगा. अशा वेळी बरेच दवाखाने पिल्लाला वेगळ्या दाराने घेतात किंवा गाडीतच तपासतात. तिथल्या जमिनीवर त्याला सोडू नका, इतर पिल्लांसाठीही आणि तुमच्या पिल्लासाठीही.

पायरी ७: टेबलावर पिल्लू, हातात बिल

पैशाबद्दल बोलायची आपल्याला लाज वाटते. वाटतं, खर्च विचारला तर डॉक्टर म्हणतील याचं प्रेमच कमी. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या दवाखान्यांत बसून माझा अनुभव उलटा आहे. बजेट सुरुवातीलाच कळलं तर डॉक्टरांनाही मार्ग आखता येतो. सरळ म्हणा, "आज माझी मर्यादा एवढी आहे. त्यात सगळ्यात आधी काय करावं?"

पोटाच्या तक्रारीत खर्च साधारण या क्रमाने चढतो. तपासणी, शीची चाचणी, इंजेक्शन आणि कातडीखाली दिलेलं सलाईन, रक्त तपासणी, एक्स-रे किंवा सोनोग्राफी, आणि सगळ्यात वर दवाखान्यात ठेवून शिरेतून सलाईन. आत ठेवण्याचा खर्च दिवसागणिक वाढत जातो. शीची चाचणी स्वस्त आणि पिल्लांत फार कामाची, ती टाळू नका. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया नावाचे आतड्यातले सूक्ष्म परजीवी सापडतात. जिआर्डिया हा तसाच दुसरा परजीवी मात्र लपाछपी खेळतो. तो रोजच्या शीतून बाहेर पडतोच असं नाही, त्यामुळे वेगळी चाचणी किंवा वेगवेगळ्या दिवसांचे नमुने लागू शकतात. एकदा निगेटिव्ह आलं आणि आठवड्याने पुन्हा तपासायला सांगितलं, तर ती फसवणूक नाही.

महागड्या प्रत्येक चाचणीआधी एक प्रश्न विचारा: "रिपोर्ट असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय?" दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर ती चाचणी उद्यावर ढकलता येते का ते विचारा. उत्तरं वेगळी असतील तर चाचणी करा. खेळण्याचा तुकडा गिळल्याचा संशय असताना एक्स-रेवर पैसे वाचवणं म्हणजे उद्याच्या मोठ्या ऑपरेशनची सोय करणं.

पिल्लाला आत ठेवायचं असेल तर अंदाजपत्रक लेखी मागा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही आकडे. आणि ठरवून टाका: खर्च अमुक आकड्याच्या पुढे जाणार असेल तर आधी मला फोन. हप्ते चालतात का, औषधं बाहेरून आणण्यासाठी चिठ्ठी मिळेल का, पुन्हा दाखवायला आलं तर पूर्ण फी लागते का, हेही तिथेच विचारा. पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि प्राणी कल्याण संस्थांचे दवाखाने अनेकदा कमी खर्चात उपचार करतात. त्यांचे पत्ते आणि वेळा आजच शोधून फ्रिजवर चिकटवा.

पार्व्होबद्दल थोडं जास्त

पिल्लांच्या जुलाबात ज्याची खरी धास्ती घ्यावी तो हा विषाणू. १९७८च्या सुमारास तो कुत्र्यांमध्ये नव्याने दिसला आणि बघता बघता जगभर पसरला. तो आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या, झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. म्हणून एकीकडे आतडं सोललं जातं आणि दुसरीकडे पांढऱ्या पेशी घटतात, म्हणजे लढायला सैन्यच उरत नाही. संसर्गानंतर बहुधा तीन ते सात दिवसांत पिल्लू खाणं सोडतं, मग उलट्या, मग दुर्गंधी येणारे, बरेचदा रक्ताचे जुलाब. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं दगावतात. वेळेत उपचार मिळालेली बहुतेक वाचतात.

शीवरची झटपट चाचणी काही मिनिटांत उत्तर देते. अगदी सुरुवातीला ती चुकून निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा लक्षणं जुळत असतील तर पुन्हा करावी लागते.

पार्व्होचा खर्च ऐकून लोक कोसळतात, आणि काही जण तिथेच हात टेकतात. त्यांना एक गोष्ट ठाऊक हवी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने, ज्यांना दवाखान्यात ठेवणं परवडत नाही त्यांच्यासाठी, रोज नेऊन-आणून करायचा उपचार तयार केला: कातडीखाली सलाईन, उलटीचं इंजेक्शन, दीर्घकाळ काम करणारं अँटिबायोटिक आणि काटेकोर देखरेख. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छोट्या अभ्यासात, दवाखान्यात ठेवलेल्यांपैकी ९० टक्के आणि या पद्धतीने उपचार केलेल्यांपैकी ८० टक्के कुत्री वाचली. पहिला मार्ग अर्थातच सरस, पण दुसरा मार्ग 'काहीच नाही' याच्या कितीतरी वर आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "आत ठेवणं जमणार नाही, रोज आणून उपचार करता येतील का?"

आजार यायच्या आधीचे पैसे

लसींचा सगळा कोर्स पार्व्होच्या उपचारापुढे किरकोळ खर्च आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस, ते वय १६ आठवडे होईपर्यंत किंवा त्याही पुढे. शेवटचा डोस चुकवू नका. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निष्फळ करू शकते आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. तोवर अनोळखी कुत्र्यांची ये-जा असलेल्या जागी पिल्लाला खाली सोडू नका.

जंतांचं असं की गोल जंत पिल्लाला बहुधा जन्माआधीच, आईच्या पोटातून मिळतात. दुधातूनही जातात. म्हणून स्वच्छ घरातल्या पिल्लालाही जंत असतात. औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी आणि पुढे महिन्याला, असं साधारण वेळापत्रक असतं. डोस वजनावर ठरतो, तो व्हेटकडून घ्या.

नवीन पिल्लाला पहिले काही दिवस आधीच्या घरी मिळत होतं तेच खाणं द्या. बदलायचं असेल तर सात ते दहा दिवसांत, पाव, अर्धं, पाऊण अशा प्रमाणात. आणि भरवण्याचं काम घरात एकाकडेच ठेवा. हे मी चौघांच्या मायेचं बिल भरून शिकले.

विमा घ्यायचा तर पिल्लू ठणठणीत असतानाच घ्या. बहुतेक पॉलिसींत सुरुवातीचा प्रतीक्षा काळ असतो आणि आधीपासूनचा आजार वगळलेला असतो. आज जुलाब सुरू झाले म्हणून उद्या घेतलेली पॉलिसी या जुलाबांना उपयोगी नाही. बऱ्याच ठिकाणी बिल आधी तुम्हीच भरता, परतावा नंतर मिळतो, तेव्हा हाताशी रोख लागतेच. विमा नको असेल तर दर महिन्याला ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याकडे सुट्टीच्या प्रवासासाठी बघू नका.

बरं होताना

शी दिसली की लगेच उचला. गोल जंतांची अंडी मातीत काही आठवडे राहिल्यावर संसर्गजन्य होतात आणि माणसांच्या मुलांनाही त्यांचा त्रास होतो. जिआर्डिया मात्र पडल्या क्षणापासून संसर्गजन्य असतो, म्हणून त्याचा कोर्स संपताना पिल्लाला, विशेषतः मागची बाजू, नीट धुवा आणि अंथरूण गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. पार्व्हो झाला असेल तर नेहमीची फिनाइलं आणि अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याचं काही वाकडं करत नाहीत. आधी घाण पूर्ण काढा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण किमान दहा मिनिटं जमिनीवर राहू द्या. हे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्या घरात इतक्यात आणू नका.

औषधाचा कोर्स, शी सुधारली तरी, डॉक्टरांनी सांगितला तितके दिवस पूर्ण करा. संपल्यावर शीची चाचणी पुन्हा कधी करायची ते विचारून तारीख त्याच वहीत लिहून ठेवा. माझ्या दुसऱ्या पिल्लाची ती वही अजून आहे. कोपरे त्यानेच कुरतडलेले आहेत.